हुलग्याचं कुठलं वाण आपल्या रानात जास्त देतं, हे घरच्या घरी कसं बघायचं

हुलगा म्हणा नाहीतर कोकणात कुळीथ म्हणा, या पिकाकडं कुणी नीट बघतच नाही. बांधाकडंचं हलकं मुरमाड रान त्याला द्यायचं, घरात असेल ते बी टाकायचं, ना खत ना खुरपणी, आणि मग एकरी दोन क्विंटल निघाले की म्हणायचं हुलगा परवडत नाही. सोयाबीनचं वाण घेताना आपण चार दुकानं फिरतो आणि दहा जणांना विचारतो, मग हुलग्याचं का नाही विचारत? वाणं आहेत की. माण आणि सीना ही जुनी, फुले सकस नवीन, कोकणासाठी दापोली कुळीथ-१. पण यातलं तुमच्या रानात कुठलं चालेल हे दुसऱ्याच्या रानावरून कळत नाही, ते शेजारी शेजारी पेरूनच कळतं. त्याला दोन-अडीच गुंठे जागा पुरते.

पहिली गोष्ट, तुलनेत घरचं गावरान बी घ्यायचंच. ते नसेल तर नवीन वाण कशापेक्षा चांगलं हेच कळणार नाही. घरचं एक आणि बाहेरची दोन-तीन वाणं, बास. बी कृषी विज्ञान केंद्रातनं किंवा विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रातनं घ्या, पिशवीवरचं लेबल जपून ठेवा.

पेरायच्या आधी प्रत्येक वाणाचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्यानं किती उगवले ते मोजा. हुलग्यात काही दाणे कठीण असतात, पाणीच पीत नाहीत, त्यामुळं एकाची उगवण ९० आणि दुसऱ्याची ६५ असं होऊ शकतं आणि मग आपण विरळ उगवलेल्याला उगीच नापास करतो. ज्याची कमी त्याचं बी तेवढं जास्त टाकायचं.

आता प्लॉट. दोन ओळीत ३० सेंटिमीटर, अशा १२ ओळी, प्रत्येक ओळ ५ मीटरची, हा एक प्लॉट. एकरी १० किलोच्या हिशोबानं याला साधारण ४५ ग्रॅम बी लागतं. प्रत्येक वाणाचे असे तीन प्लॉट करायचे. लोकं इथंच चुकतात, एका वाणाचा एकच मोठा पट्टा पेरतात, आणि नेमका तो पट्टा खालच्या अंगाला गाळाच्या मातीत येतो आणि तेच वाण पहिलं येतं, म्हणजे जिंकली ती माती, वाण नाही. म्हणून रानाचे उताराप्रमाणं वरचा, मधला, खालचा असे तीन भाग पाडा आणि प्रत्येक भागात सगळी वाणं एकेकदा येऊ द्या, कुठलं कुठं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. खुंट्या मारा आणि नकाशा वहीत काढा, कारण खुंट्या जनावरं पाडतात.

सगळं एकाच दिवशी पेरायचं. हुलग्याला दिवस लहान व्हायला लागले की फुलं धरायचा नाद आहे, त्यामुळं एक वाण ऑगस्टच्या सुरुवातीला आणि दुसरं महिना संपताना पेरलं तर ती तुलनाच होत नाही. कोकणात भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर पेरतात तिथंही हेच. बीजप्रक्रिया, खत, खुरपणी, जे एकाला ते सगळ्यांना. उगवल्यावर विरळणी करून दोन रोपांत १० सेंटिमीटर ठेवा.

मधे रेकॉर्ड काय ठेवायचं? निम्म्या झाडांना फुल आलं ती तारीख, केवडा रोगानं पिवळी पडलेली झाडं किती, भुरी म्हणजे पानांवर पांढरी बुरशी आली का, मूळकुजीनं किती वाळली, आणि शेंगा एकदम पिकतात की खालच्या तडकायला लागल्या तरी वरच्या हिरव्याच. या शेवटच्या गोष्टीकडं माझं फार लक्ष असतं, कारण काढणीला मजूर मिळायला चार दिवस उशीर झाला की दाणे रानातच सांडतात.

काढताना दोन्ही कडेच्या एकेक ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा मीटर बाजूला काढा, कडेच्या झाडांना जागा जास्त मिळते म्हणून ती फसवतात. उरतं ३ बाय ४ म्हणजे १२ चौरस मीटर. प्रत्येक प्लॉट वेगळ्या पोत्यात, वेगळी मळणी, आतबाहेर चिठ्ठी. सगळ्यांना सारखं ऊन द्या, दाणा दातात कट्ट वाजला की मग वजन करा. एका प्लॉटचे जेवढे किलो त्याला ३३७ नं गुणलं की एकरी किलो येतात. समजा ९०० ग्रॅम निघाले तर एकरी ३ क्विंटलच्या आसपास.

तीन प्लॉटची सरासरी तर काढाच, पण त्याआधी एकेक भाग बघा. नवीन वाण वर, मधे, खाली तिन्हीकडं गावरानपेक्षा पुढं असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही. फक्त खालीच पुढं असेल तर ते भारी मातीचं वाण समजा, मुरमाला गावरानच राहू द्या. भुसकटाचंही वजन करा, दुभती जनावरं असतील तर तोही पैसाच आहे. आणि घरात प्रत्येकाची पिठी नाहीतर शेंगोळे करून बघा, चव आवडली नाही तर घरात कुणी खाणार नाही.

एका वर्षावर सगळं रान बदलू नका, पाऊस दरवर्षी वेगळा असतो. दुसऱ्या वर्षी पहिली दोन आणि गावरान एवढीच परत लावा. यात परागीकरण फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळं पसंत पडलेल्या वाणाचं बी मधल्या ओळींतनं, वेगळी दिसणारी आणि रोगट झाडं उपटून, घरीच धरता येतं.