निवृत्तीची तारीख ठरवताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. आता धाकट्या बाई विचारतात, "बाई, साठपर्यंत थांबू की आधीच सोडू?"

आधी सर्व्हिस रजिस्टर उघडा आणि जन्मतारीख स्वतः वाचा. नोंदी कानडीत असतात. अडलं तर शेजारच्या कानडी शाळेतल्या बाईंना जवळ बसवून एकेक ओळ समजून घ्या. कर्नाटकात साठ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी आपण निवृत्त होतो. पण जन्म १ तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस! आमच्या पिढीत गुरुजींनी कितीतरी पोरांची तारीख १ जून लावली. माझीही तीच, म्हणून ३१ मे २०२४ला बाहेर पडले. राज्याच्या सातव्या वेतन आयोगाचा पगार प्रत्यक्ष लागू झाला १ ऑगस्टला. पेन्शन पुढे सुधारली, ग्रॅच्युइटी मात्र जुन्या मूळ पगारावरच निघाली. दोन महिन्यांचा फरक, पण लेकीच्या लग्नाचा हिशेब हलला.

आधी सोडायचं असेल तर वेतनवाढ कधी आहे, अर्जित रजा किती साठली (पैसे ३०० दिवसांपर्यंतच मिळतात), कर्ज किती उरलं, हे एका कागदावर मांडा. १ एप्रिल २००६ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना एनपीएस (नवी पेन्शन योजना), त्यांचं गणित पूर्ण वेगळं. आमच्याशी तुलना करू नका.

आणि घरी विचारा. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मीही अर्ज लिहिला होता. नवऱ्याने एक रात्र थांबायला लावलं, म्हणून तो दिला नाही.