फॅन आर्ट विकायला काढण्याआधी

आवडत्या पात्राचं चित्र काढून मित्रांना दाखवलं तर सहसा कुणी काही विचारत नाही. "याची प्रिंट मिळेल का?" असं कुणीतरी विचारलं, की मात्र छापखान्याला फाइल पाठवण्याआधी थोडी तयारी करावी लागते.

आधी पात्र कुणाचं आहे ते शोधून लिहून ठेवा. मूळ लेखक, चित्रकार, प्रकाशक आणि निर्मिती कंपनी यांच्यात हक्क वाटलेले असू शकतात. "जुनं आहे, म्हणजे मोकळं असेल" हा अंदाज बऱ्याचदा चुकतो. बर्न या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं हक्क टिकतो. बऱ्याच देशांत तो 70 वर्षं चालतो. मिकी माउसचंच बघा. 1928 च्या 'स्टीमबोट विली'मधला मिकी 1 जानेवारी 2024 ला अमेरिकेत मुक्त झाला, पण फक्त त्या लघुपटात दिसतो तेवढाच. पुढच्या चित्रपटांत त्याला जे नवं रूप मिळालं, ते आपापल्या वर्षाच्या हिशोबाने मोकळं होतं.

शिवाय ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा आणि चिन्हावरचा हक्क, उरतोच. हा हक्क कॉपीराइटसारखा ठरावीक मुदतीनंतर संपत नाही; चिन्ह वापरात ठेवून साधारण दर 10 वर्षांनी नूतनीकरण केलं तर तो कितीही काळ चालतो. म्हणून चित्र तपासून झालं की विक्रीच्या पानावरचा मजकूर वेगळा तपासा. मालिकेचा लोगो, तिच्या शीर्षकाची खास अक्षरं, 'अधिकृत' हा शब्द, शोधात वर यावं म्हणून ठासून भरलेले टॅग, सगळं बघा. माल मूळ कंपनीचाच आहे असं गिऱ्हाइकाला वाटलं, की दुखणं तिथेच सुरू होतं.

संदर्भासाठी घेतलेला फोटो ही माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित बाब. अभिनेत्याचा चेहरा काढताना फोटोग्राफरचा हक्क वेगळा आणि चेहऱ्याच्या व्यापारी वापरावर त्या अभिनेत्याचा हक्क वेगळा. फोटोग्राफर लिन गोल्डस्मिथ यांनी 1981 मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला होता, त्यावरून प्रसिद्ध अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने चित्रमालिका केली. त्यातलं एक चित्र 2016 मध्ये मासिकाला वापरायला दिलं गेलं आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वापराबाबत गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. वॉरहॉलच्या नावानेही तिथे निभावलं नाही. तेव्हा एकच फोटो गिरवू नका. अनेक संदर्भ बघा आणि पोझ स्वतः रचा.

"तीस टक्के बदललं की चालतं" असा कुठलाही नियम नाही. "हक्कभंगाचा हेतू नाही" ही ओळ शोभेपुरती. मूळ कलाकाराचं नाव देणं हा सभ्यपणा झाला, परवानगी नव्हे. विडंबन किंवा टीका असेल तर बचावाला जागा असते, पण तो मुद्दा त्या देशाच्या कायद्यावर आणि त्या एका चित्रावर ठरतो.

मग कंपनीचं चाहत्यांसाठीचं धोरण शोधा. काही कंपन्या हाताने केलेल्या मोजक्या प्रतींना मुभा देतात, काही विक्रीला साफ नाही म्हणतात. सापडलेलं पान तारखेसह साठवून ठेवा, कारण धोरणं न सांगता बदलतात. धोरण नसेल तर ईमेल करून विचारा. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ होकार धरू नका. पहिली छपाई थोडीच करा, आणि दुकानात निम्मी तरी चित्रं स्वतःच्या पात्रांची असू द्या, म्हणजे एक नोटीस आली तरी शटर ओढावं लागणार नाही.

नोटीस आलीच, तर चित्र खाली घ्या, पण फाइल, रेखाटनं आणि विक्रीचा हिशोब पुसू नका. अमेरिकी कायद्याखाली उलट नोटीस, म्हणजे चित्र चुकून हटवलं गेलं असं विक्रीच्या साइटला कळवणारं पत्र, देता येते. त्यानंतर हक्कदार कोर्टात गेला नाही तर साधारण 10 ते 14 कामकाजी दिवसांत मजकूर परत चढतो. मात्र ती शपथेवर द्यायची असते, खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. पत्रात पैशांची मागणी असेल तर रागाच्या भरात उत्तर लिहू नका, आधी वकिलाला दाखवा.