फिशिंग लाईन घरात कशी ठेवायची, म्हणजे ऐनवेळी दगा देणार नाही

वाशी खाडीवर नाहीतर ऐरोलीला चांगला मासा लागतो आणि लाईन गाठीपाशीच तुटते, मग लोकं लाईनच्या कंपनीला दोष देतात, पण बरेचदा ती घरीच कमजोर झालेली असते. नायलॉनच्या मोनोला, म्हणजे एकाच सलग तंतूच्या लाईनला, सगळ्यात वाईट म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू ठिसूळ होतं आणि वरून काहीच दिसत नाही, म्हणून रॉड-रील बाल्कनीच्या ग्रिलला टेकवून ठेवायचं नाही, मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात नाही. स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेलं रीळ, कपाटात, अंधारात ठेवा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर माळा नको, स्लॅब फार तापतो.

दमट हवेचं वेगळं आहे. नायलॉन पाणी पितं, ओलं असताना थोडं कमजोर पडतं, पण सुकलं की बरंचसं सावरतं, त्यामुळे पावसाळ्याचं फार टेन्शन नको. फ्लुरोकार्बन (वेगळ्या प्लास्टिकची एकतंतू लाईन) आणि ब्रेड (बारीक धागे विणून केलेली लाईन) पाणी जवळपास पीत नाहीत. पण ब्रेडच्या विणीत खाडीचं मीठ अडकून बसतं, म्हणून घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण सुकवून मगच डब्यात टाका.

सीझनच्या आधी टोकाची दोन-तीन मीटर कापून टाका, पुढच्या तुकड्याला गाठ मारून सामान मोजायच्या हँगिंग काट्याने ओढून बघा, स्पूलवर लिहिलेल्या किलोच्या बरंच खाली तुटली तर अजून थोडी कापून परत बघा, तरी तेच झालं तर सगळी लाईन बदला. जुनी लाईन खाडीत टाकू नका प्लीज, पक्षी अडकतात.