जिवाणू संवर्धक लावूनही मुळांवर गाठी येत नाहीत? या चुका टाळा

शेंगवर्गीय पिके आणि रायझोबियम गटातील जिवाणू यांचे सहजीवन शालेय पुस्तकात दोन ओळींत संपते: जिवाणू हवेतील नत्र (नायट्रोजन) झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर व मुळांवरच्या गाठींत आसरा देते. शेतात हाच व्यवहार अनेकदा फसतो आणि मग दोष जिवाणू संवर्धकाच्या, म्हणजे बियाण्याला लावायच्या जिवाणूंच्या, पाकिटाला दिला जातो. पाकीट निकृष्ट असू शकते, हे मान्य. पण त्यातील जिवंत जिवाणूंना खताच्या पोत्यासारखे वागवल्यामुळे होणारे नुकसान त्याहून अधिक असते.

कोणत्याही पिकाला कोणतेही पाकीट

ही सर्वांत आधी होणारी चूक. शेंगवर्गीय पिकाचे कोवळे मूळ जमिनीत फ्लॅव्होनॉइड वर्गातील रसायने सोडते आणि ती ओळखणारा जिवाणूच उलट रासायनिक संकेत पाठवतो. तो संकेत पटला, तरच मूळरोम (मुळावरचा सूक्ष्म केस) वाकतो, जिवाणू आत शिरतो आणि गाठ धरू लागते. सोयाबीनचा जोडीदार ब्रॅडिरायझोबियम जॅपोनिकम, हरभऱ्याचा मेसोरायझोबियम सिसेरी, तर मेथी आणि लसूणघासाचा सायनोरायझोबियम मेलिलोटी. तूर, मूग, उडीद, चवळी आणि भुईमूग यांचा गट बराचसा सामाईक आहे. म्हणून खरिपात उरलेले सोयाबीनचे संवर्धक रब्बीत हरभऱ्याला लावणे म्हणजे एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावण्यासारखे आहे. पाकिटावर पिकाचे नाव वाचूनच ते विकत घ्यावे.

ॲझोटोबॅक्टरचे पाकीट ज्वारी-गव्हासाठी असते. तो जिवाणूही नत्र स्थिर करतो, पण मुळांवर गाठी न करता मातीत स्वतंत्रपणे जगतो. त्यामुळे तुरीला ॲझोटोबॅक्टर लावून गाठींची वाट पाहण्यात अर्थ नाही.

बीजप्रक्रियेचा क्रम आणि घाई

बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू, हा क्रम उलटला की जिवाणू बियाण्यावरच मरतात. आधीची औषधे लावून बियाणे सुकल्यानंतरच संवर्धक लावावे. कंपनीकडून रंगवून आलेल्या बियाण्यावर बुरशीनाशक आधीच असते, हे लक्षात ठेवून अशा वेळी संवर्धकाची मात्रा दीडपट ते दुप्पट घ्यावी. एरवी भुकटी स्वरूपातील संवर्धक 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम पुरते. द्रवरूप संवर्धकाची मात्रा वेगळी असते, ती लेबलवर पाहावी.

भुकटी चिकटावी म्हणून गुळाचे पाणी करतात. गूळ विरघळवण्यासाठी पाणी तापवावे लागते, पण ते पूर्ण थंड होण्याआधी त्यात संवर्धक मिसळले, तर पाकीट चुलीत टाकल्यासारखेच झाले. सोयाबीनच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे. त्याचे साल फार पातळ असते. पाणी जास्त झाले किंवा हातांनी जोरात चोळले, की साल सुटते आणि उगवणच घटते. द्रावण बियाण्यावर जेमतेम फिरेल इतकेच घ्यावे, बियाणे गोणपाटावर सावलीत पसरावे आणि त्याच दिवशी पेरावे. सकाळी प्रक्रिया करून बियाणे दुपारभर बांधावर उन्हात ठेवले, तर बियाण्यावरील जिवाणूंपैकी फार थोडे शिल्लक राहतात. धूळपेरणीतही तेच होते. कोरड्या, तापलेल्या मातीत पावसाची वाट पाहणे बियाण्याला जमते, जिवाणूला जमत नाही. सोयाबीनसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वापसा (पेरणीजोगी ओल) आल्यावर पेरणी करावी, ही शिफारस या सहजीवनाच्याही सोयीची आहे.

पाकिटे पत्र्याच्या शेडमध्ये किंवा खते-औषधांच्या शेजारी साठवू नयेत आणि अंतिम तारीख उलटलेली पाकिटे वापरू नयेत.

पिवळेपणा दिसताच युरिया

सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच आहे, कारण ती काळजीपोटी होते. उगवणीनंतर बियाण्यातील साठा संपतो आणि गाठी कामाला लागण्यास अजून अवधी असतो. गाठी साधारण दोन आठवड्यांनी डोळ्यांना दिसू लागतात आणि नत्राचा खरा पुरवठा त्यानंतर सुरू होतो. मधल्या दिवसांत पीक थोडे फिकट दिसते, शेतकरी अस्वस्थ होतो आणि युरियाची गोणी उघडतो.

आता झाडाच्या बाजूने विचार करू. नायट्रोजनचा एक रेणू फोडण्यासाठी गाठीतील जिवाणूला एटीपीचे, म्हणजे पेशीतील ऊर्जेच्या चलनाचे, किमान 16 रेणू खर्चावे लागतात आणि ही सारी ऊर्जा झाडाने पुरवलेल्या साखरेतून येते. मुळांशी खतातून नायट्रेटच्या रूपात नत्र आयते मिळू लागले, की झाड हा महागडा खर्च आवरते: नव्या गाठी धरत नाही आणि असलेल्या गाठींचा शिधा कमी करते. सहजीवन हा शब्द आपल्याकडे फार भावुकपणे वापरला जातो. झाडाचा हिशेब मात्र वाण्यासारखा चोख असतो. तूर आणि हरभऱ्याला हेक्टरी 25 किलो नत्र पेरणीसोबत देण्याची शिफारस आहे, ती या सुरुवातीच्या फटीपुरती. राजमा हा अपवाद आहे. त्याच्या गाठी अशक्त असल्याने त्याला नत्र द्यावेच लागते.

पिवळेपणाचे कारण नत्र आहे का, हेही आधी पाहावे. नत्र कमी पडल्यास जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात. वरची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीत बहुधा लोहाची कमतरता असते आणि ती युरियाने भरून निघत नाही.

गाठी तपासताना होणारी फसगत

झाड उपटून पाहिले, तर गाठी मातीतच गळून राहतात आणि गाठी नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पीक फुलोऱ्यात येताना, म्हणजे सोयाबीनमध्ये साधारण 35 ते 45 दिवसांनी, चार-पाच ठिकाणची झाडे कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढावीत आणि मुळे बादलीतील पाण्यात हलकेच धुवावीत. गाठ ब्लेडने चिरावी. आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसला, तर ती काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या नातलगाचा, आणि नायट्रोजिनेज या नत्र स्थिर करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) घातक ठरणारा मुक्त ऑक्सिजन आवरून धरणे हे त्याचे काम. गाठ आतून पांढरी असेल, तर ती कोवळी किंवा निकामी असते. हिरवट-तपकिरी असेल, तर तिचे आयुष्य संपत आले आहे.

सूत्रकृमींमुळे (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे) आलेल्या गाठी पाहून समाधान मानणारेही भेटतात. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि नखाने सहज सुटते; सूत्रकृमींमुळे मूळच फुगते आणि तो फुगवटा वेगळा होत नाही.

सगळे नीट करूनही गाठी पांढऱ्याच निघाल्या, तर जमिनीकडे वळावे. पाणी साचलेल्या शेतात मुळांना हवा मिळत नाही. स्फुरद (फॉस्फरस) कमी असल्यास गाठींची वाढ खुंटते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य पिकाला कमी मिळते आणि त्याशिवाय नायट्रोजिनेज तयारच होत नाही. तेथे माती परीक्षण करून चुना देण्याचा विचार करावा.

काढणीनंतरचा गैरसमज

सोयाबीन घेतले म्हणजे जमिनीत नत्र जमा झाले, असे धरून पुढच्या पिकाचे खत सरसकट कमी करू नये. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने असतात. हेक्टरी 20 क्विंटल उत्पादन म्हणजे 800 किलो प्रथिने, आणि त्यांत जवळपास 130 किलो नत्र शेताबाहेर जाते. हे 45 किलोच्या सहा गोण्या युरियाहून अधिक होते. जमिनीत उरतो तो गळलेल्या पानांतील आणि मुळांतील वाटा, म्हणून पीक उपटण्याऐवजी विळ्याने कापावे आणि मळणीनंतरचे भूस न जाळता शेतात परत टाकावे. मुगाच्या शेंगा तोडून हिरवी झाडे तशीच गाडली, तर पुढच्या पिकाला सोयाबीनच्या रानापेक्षा जास्त नत्र मिळण्याची शक्यता असते.