उत्खननातल्या दाण्या-हाडांवरून जुनं हवामान सांगताय? या चुका टाळा

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात इथे ताम्रपाषाणयुगातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरली जाण्याच्या काळातल्या, शेतकऱ्यांची वस्ती सापडली, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. जळालेले सातू, गहू, मसूर, कुळीथ आणि जनावरांच्या हाडांचे ढीग असा पुरावा इथे मिळाला. आपल्याकडे जुन्या पर्यावरणावर लिहिणारा जवळपास प्रत्येकजण या गावाचा दाखला देतो आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अवशेषांवरून एकदम पावसाचा अंदाज बांधणं. इ.स.पू. १००० नंतरच्या उत्तर जोर्वे काळात (जोर्वे ही महाराष्ट्रातली ताम्रपाषाणयुगीन संस्कृती, हा तिचा शेवटचा टप्पा) इथली मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. गहू घटला. शेळ्या-मेंढ्यांचं आणि शिकार केलेल्या जनावरांचं प्रमाण वाढलं. पाऊसमान घटल्यामुळे हे झालं, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी लावला. मांडणी विचार करायला लावणारी आहे. पण गावात सापडलेला दाणा आणि हाड आधी माणसाने काय पेरलं, काय पाळलं, काय खाल्लं ते सांगतात. इनामगावात त्याआधीच्या पूर्व जोर्वे काळात बंधारा आणि पाट होता. पाटाची देखभाल थांबली, तर पाऊस तेवढाच राहूनही गहू जाऊ शकतो. शेळ्या वाढण्यामागे सुकलेली कुरणं असतील किंवा बैल सांभाळण्याची ऐपत गेली असेल. दोन्हींत हाडं सारखीच दिसतील.

म्हणून माणसाचा हात न लागलेला साक्षीदार शोधा. तळ्याचा गाळ तसा असतो. लोणार सरोवराच्या गाळावरचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ कोरडेपणाचे दोन काळ दिसले: सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. उत्तर जोर्वे काळ (सुमारे २९५० ते २६५० वर्षांपूर्वी) या दोहोंच्या मधे पडतो! याने ढवळीकरांचं म्हणणं खोटं ठरत नाही, कारण घोड नदीच्या खोऱ्यापुरता लहान दुष्काळ लोणारच्या गाळात उमटलाच पाहिजे असं नाही. पण 'लोणारनेही सिद्ध केलं' असं लिहिता येणार नाही.

इथे आणखी एक गफलत होते. अशा अभ्यासांत 'वर्षांपूर्वी' हे सहसा १९५० पासून मागे मोजतात. ३९०० वर्षांपूर्वी म्हणजे सुमारे इ.स.पू. १९५०. तो आकडा इ.स.पू. ३९०० असा वाचला, तर जवळपास दोन हजार वर्षांची चूक होते.

काळ्या मातीचा विसर तर पडूच देऊ नका. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. वरचं बी त्यांतून खालच्या थरात जातं. उंदीर आणि मुंग्याही ते नेतात. आपल्या हवेत न जळालेलं बी हजारो वर्षं टिकणं अवघड, त्यामुळे जुन्या थरात ते दिसलं की आधी ते आजचंच असावं असं धरा. जळालेल्या बियांपैकीही महत्त्वाचा दाणा असेल, तर थराच्या तारखेवर विसंबू नका, खुद्द त्या दाण्याचंच कार्बन-१४ कालमापन करून घ्या. नाचणीच्या बाबतीत हे फार गरजेचं आहे. लहान तृणधान्यांचे सोललेले दाणे एकमेकांसारखे दिसतात आणि भारतातल्या प्राचीन नाचणीच्या अनेक जुन्या नोंदी फेरतपासणीत टिकल्या नाहीत.

पालेभाज्या आणि कंदमुळं क्वचितच ओळखता येतात. तेव्हा 'सापडलं नाही' म्हणजे 'खात नव्हते' असं नव्हे. माती पाण्यात कालवून तरंगणारा कोळसा वेगळा केला नसेल, बारीक चाळणी वापरली नसेल, तर माशांचे काटे आणि उंदरांची हाडं हातून गेलीच म्हणून समजा. वास्तविक परिसराची खबर देण्यात उंदीर, बेडूक, गोगलगायी फार उपयोगी, कारण त्यांना सहसा कुणी लांबून आणत नाही. याउलट, जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याचं कोरीव कवच मिळालं आहे. शहामृग उघड्या गवताळ प्रदेशातला पक्षी. पण कोरलेली वस्तू हातोहात दूर जाऊ शकते, म्हणून त्या एका कवचावरून पाटण्याभोवती गवताळ रान होतं असं ठरवू नका. कोरीव काम नसलेले तुकडे आणि शहामृगाची हाडं त्याच भागात मिळतात का, ते तपासा.

हाडांचे तुकडे मोजतानाही जपा. एका बैलाचे पन्नास तुकडे म्हणजे पन्नास बैल नव्हेत. डावी-उजवी बाजू आणि वय पाहून किमान किती जनावरं होती ते काढा, आणि तुकड्यांची संख्या व जनावरांची संख्या दोन्ही अहवालात द्या.