सक्सिनिक आम्लाचं किण्वन: कार्बन डायऑक्साइडच्या या चुका टाळा

साखर संपलेली, जिवाणू चांगले वाढलेले, पण एचपीएलसीच्या (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर आपल्याला हव्या असलेल्या सक्सिनिक आम्लाचं शिखर बुटकंच. शेजारी फॉर्मिक आम्ल, ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉल मात्र डोकं वर काढून. असा आलेख घेऊन विद्यार्थी आले की त्यांचा संशय आधी जिवाणूवर असतो, नाहीतर त्याला खाद्य म्हणून दिलेल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्टवर. मी आधी विचारते, कार्बन डायऑक्साइड किती दिला होता?

आपण ज्या जिवाणूवर काम करतो तो ॲक्टिनोबॅसिलस सक्सिनोजेनेस गुरांच्या कोटीपोटातला. तिथे कार्बन डायऑक्साइडची कमतरता कधीच नसते. हा जिवाणू तीन कार्बनच्या रेणूला कार्बन डायऑक्साइड जोडून चार कार्बनचा ऑक्झॅलोॲसिटेट करतो आणि पुढे त्यातूनच सक्सिनिक आम्ल तयार होतं. वायू कमी पडला की हा रस्ता अडतो आणि साखर फॉर्मिक आम्ल, ॲसिटिक आम्ल, इथेनॉल यांच्याकडे वळते.

हे किण्वन ऑक्सिजनविना करायचं असतं, पण म्हणून ‘ऑक्सिजन घालवला की झालं’ असं समजून नायट्रोजन सोडत राहणं ही सर्वात महागडी चूक. नायट्रोजन ऑक्सिजनला हाकलतो, तसाच विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही सोबत घेऊन जातो.

दुसरी चूक सीरम बाटलीत (रबरी बुचाने बंद केलेल्या लहान बाटलीत) होते, आणि ती हिशेब केल्याशिवाय दिसत नाही. १०० मिलीच्या बाटलीत ५० मिली माध्यम (जिवाणू वाढवायचं पोषक द्रावण), त्यात लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे बाटलीत १ ग्रॅम, साधारण ५.५ मिलिमोल. सगळं सक्सिनिक आम्ल व्हायचं तर ग्लुकोजच्या ७ रेणूंमागे बाहेरून ६ रेणू कार्बन डायऑक्साइड लागतो. इथे ते ४.८ मिलिमोल झाले. वरची ५० मिली मोकळी जागा शुद्ध वायूने भरली तरी ३७ अंशांना, वातावरणाच्या दाबाला त्यात जेमतेम २ मिलिमोल मावतात. माध्यमात विरघळलेला वायू सव्वा मिलिमोलच्या आसपास. बेरीज करा, दीड मिलिमोलची तूट आहे. बूच कितीही घट्ट बसवलं तरी ती भरून निघत नाही. ती मॅग्नेशियम कार्बोनेट किंवा सोडियम बायकार्बोनेट घालूनच भरावी लागते, आणि तेही साखरेसारखं वजन करून.

बायकार्बोनेट घालताना पुढची चूक होते. ते माध्यमातच घालून सगळं ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलं) की उष्णतेने वायू निघून जातो, मागे कार्बोनेट उरतं आणि सामू चढतो. फॉस्फेट, मॅग्नेशियम असेल तर गाळही बसतो. द्रावण वेगळं करा, ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि माध्यम थंड झाल्यावर मिसळा.

फर्मेंटरमध्ये फ्लोमीटरचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. स्पार्जरमधून (द्रवात वायू सोडणाऱ्या छिद्रांच्या नळीतून) मोठमोठे बुडबुडे निघत असतील तर वायू न विरघळताच वरून निघून जातो. ढवळणं वाढवून आणि बुडबुडे बारीक करून बघा. सामू सांभाळायला नुसता कॉस्टिक सोडा वापरत असाल तर त्याच्या जागी सोडियम कार्बोनेट वापरा. आम्ल मारताना ते वायूही देतं. फक्त फेस येतो, म्हणून भांड्यात वर जागा ठेवा.

मॅग्नेशियम कार्बोनेट घातलेल्या भांड्यातला नमुना थेट ओडीला (गढूळपणावरून जिवाणूंची वाढ मोजण्याला) लावू नका. पांढरी पूड प्रकाश अडवते आणि वाढ आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ०.२ मोलरच्या हायड्रोक्लोरिक आम्लात नमुना विरळ करा, बुडबुडे थांबून तो नितळ होऊ द्या, मगच वाचन घ्या. ब्लँकही (तुलनेसाठीचा जिवाणू नसलेला नमुना) त्याच आम्लात बनवा.

सगळं जुळून आलं आणि १ ग्रॅम ग्लुकोजमागे १ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त सक्सिनिक आम्ल मिळालं, तर एचपीएलसीला दोष देऊ नका. जास्तीचं वजन त्या वायूतून आलेलं असतं आणि सैद्धांतिक कमाल १.१२ ग्रॅम आहे. आकडा त्याच्याही पलीकडे गेला तर मात्र आधी विरळ केल्याचा गुणक तपासा.