लघवीतून रक्त आल्यास काय करावे: मूत्राशयाचा कर्करोग आणि त्याचे उपचार

लघवी लाल झाली, दुखले काहीच नाही आणि दोन दिवसांत ती पुन्हा स्वच्छ झाली, की पुण्यातल्या अनेक घरांत ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते आणि विषय मागे पडतो. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत नेहमीचे लक्षण हेच आहे: न दुखणारा आणि आपोआप थांबणारा रक्तस्राव. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या कोणीही, रक्त एकदाच दिसले तरी, युरॉलॉजिस्टला दाखवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्यावर दोष टाकून तपासणी टाळू नये. स्त्रियांच्या बाबतीत ‘पुन्हा जंतुसंसर्ग झाला’ असे धरून अँटिबायोटिकचे कोर्स होत राहतात आणि निदान लांबते. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू सापडले नसतील तर पुढच्या तपासणीचा आग्रह अवश्य धरावा.

डॉक्टरांकडे जाताना बिडी-सिगारेट किती वर्षे ओढली, हे न लपवता सांगावे. धुरातली घातक रसायने मूत्रपिंडातून गाळली जाऊन लघवीत उतरतात आणि तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. म्हणूनच धूम्रपान हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण आहे. उमेदीची वर्षे रबर, रंग किंवा रसायनांच्या कारखान्यात गेली असतील, तर तेही सांगावे.

पहिल्या तपासण्या सोप्या असतात: लघवीची तपासणी आणि मूत्राशय भरलेले असताना केलेली सोनोग्राफी. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण लहान किंवा चपटी वाढ तिच्यात दिसत नाही. त्यासाठी सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून केलेली पाहणी, करावी लागते. बधिर करणारी जेली लावून ती काही मिनिटांत होते आणि नंतर एक-दोन दिवस जळजळ राहते. मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या पाहण्यासाठी सीटी स्कॅनही बहुधा सांगितला जातो.

गाठ दिसली तर ती दुर्बिणीतूनच, पोटावर छेद न घेता, खरवडून काढतात. या शस्त्रक्रियेला टीयूआरबीटी म्हणतात. पुढचे सगळे उपचार तिच्या बायोप्सी रिपोर्टवर ठरतात, त्यामुळे तो रिपोर्ट हातात घेऊन तीन गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात. वाढ किती खोल आहे? टीए म्हणजे फक्त अस्तरात, टी१ म्हणजे अस्तराखालच्या थरात आणि टी२ म्हणजे स्नायूत शिरलेली. ग्रेड, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात ती पायरी, लो आहे की हाय? आणि तुकड्यात स्नायू आला आहे का? हा तिसरा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्नायूच आला नसेल तर रोग त्यात शिरलेला नाही असे खात्रीने म्हणता येत नाही. हाय ग्रेड टी१ असेल, किंवा स्नायू आला नसेल, तेव्हा बहुधा २ ते ६ आठवड्यांत पुन्हा टीयूआरबीटी करतात.

निदानाच्या वेळी बहुतेक रुग्णांचा रोग स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. लो ग्रेड असेल तर शस्त्रक्रियेनंतर लगेच मूत्राशयात औषधाचा एक डोस आणि पुढे पाळत, एवढेच अनेकदा पुरते. हाय ग्रेड असेल तर बीसीजी देतात. लहान बाळांना क्षयरोगाची म्हणून टोचली जाणारी हीच बीसीजी. १९७६ मध्ये कॅनडातील डॉक्टर अल्वारो मोरालेस यांनी तिचा मूत्राशयातला उपयोग दाखवून दिला, आणि यासाठीची बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही बनवलेली आहे. नळीतून मूत्राशयात सोडलेले औषध सुमारे २ तास आत धरून ठेवावे लागते, म्हणून आधीचे काही तास पाणी व चहा कमी घ्यावा. त्यात जिवंत जंतू असल्याने पुढचे ६ तास पुरुषांनीही बसून लघवी करावी, भांड्यात ब्लीच टाकून १५ मिनिटांनी फ्लश करावे आणि हात साबणाने धुवावेत. त्या दिवशी लघवीत रक्त असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर डोस पुढे ढकलावा लागतो. नंतर हुडहुडी भरून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. सुरुवातीला आठवड्याला एक असे ६ डोस असतात, त्यानंतर १ ते ३ वर्षे अधूनमधून.

रोग स्नायूत शिरला असेल तर, मूत्रपिंडे साथ देत असल्यास आधी केमोथेरपी आणि मग मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया करतात. निवडक रुग्णांत टीयूआरबीटीनंतर रेडिएशन व केमोथेरपी देऊन मूत्राशय वाचवता येते; हा पर्याय आपल्याला लागू आहे का, हे जरूर विचारावे. मूत्राशय काढल्यावर आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावरच्या पिशवीत आणतात किंवा त्याचेच नवे मूत्राशय करतात. पिशवीची जागा शस्त्रक्रियेआधी, रुग्णाला बसवून आणि उभे करून, साडीची नाडी किंवा पँटचा पट्टा कुठे येतो ते पाहून खुणेने ठरवून घ्यावी. रोग दूरच्या अवयवांत पसरला असेल तर केमोथेरपीबरोबरच आता इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी, औषधेही वापरली जातात.

खर्चासाठी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात दाखल होण्याआधीच रेशन कार्ड व आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटावे आणि आपला नेमका उपचार योजनेत बसतो का, ते विचारावे.

हा रोग उलटण्याची सवय असलेला आहे. मूत्राशय राखलेल्या रुग्णाची पहिली सिस्टोस्कोपी साधारण ३ महिन्यांनी होते. हाय ग्रेड असेल तर पहिली २ वर्षे दर ३ महिन्यांनी, नंतर हळूहळू अंतर वाढवत. त्रास नाही म्हणून ही तारीख चुकवू नये, आणि बिडी-सिगारेट निदानाच्या दिवसापासूनच बंद करावी.